भास्कराचार्य कुणाचे आणि वाळूतली ओल किती

बेळगाव, निपाणी, खानापूरच्या पट्ट्यात भास्कराचार्यांचे नाव निघाले की गणित बाजूला राहते आणि सीमावाद सुरू होतो. आपले गाव विज्जडविड आणि ते सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले, एवढेच आचार्यांनी लिहून ठेवले आहे. कन्नड बाजू म्हणते, हे आमचे विजापूर. मराठी बाजू म्हणते, विजापूरला कुठला आला सह्याद्री. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख बघा. भर घालायला आणखी दोन पक्ष तयारच असतात. एकाच्या मते युरोपातले सगळे गणित आणि वैद्यक आपल्या पोथ्यांतून उचललेले. दुसऱ्याच्या मते विज्ञान म्हणून जे काही आहे ते इंग्रजांच्या बोटीतून उतरले, त्याआधी इथे पंचांगापलीकडे काही नव्हते. या चौघांचे आपसांत पटत नाही, पण जमिनीच्या उताऱ्यावर शोधावे तसे चौघेही मालकाचेच नाव शोधत असतात.

माझे म्हणणे सरळ आहे. विज्ञानातला विचार ‘कुणाचा’ हे ठरवून फारसे काही हाती लागत नाही. तो कुठून कुठे गेला, कुणी नेला, त्याचा खर्च कुणी सोसला आणि वाटेत त्यातले काय गळाले, हे पाहिले तर इतिहास नीट कळतो आणि आजचे कामही सुधारते. यातला शेवटचा प्रश्न आपल्या वादात कधी येतच नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याला, आणि अथणीच्या ऊसवाल्याला सर्वांत महाग पडतो तो मात्र तोच.

आधी आचार्यांचेच घेऊ. जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धांतशिरोमणी’ पुरा झाला. त्यातल्या बीजगणिताच्या भागाच्या शेवटी ते स्वतःच सांगतात की ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांचे ग्रंथ फार विस्तृत आहेत, त्यांतले सार काढून हे रचले. ब्रह्मगुप्त आचार्यांच्या पाचशे वर्षे आधीचा, भिल्लमालचा, म्हणजे आजच्या राजस्थानातला. ज्यांच्या मालकीसाठी आपण भांडतो ते स्वतः मालकी सांगतच नाहीत! मग ग्रंथ टिकला कसा? त्यांचा नातू चांगदेव यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ निघाला आणि १२०७ च्या सुमारास त्याची नोंद दगडावर कोरली गेली. तिच्या शेवटच्या ओळी मराठीत आहेत आणि त्या हिशेबाच्या आहेत: पाटणच्या पेठेत जो माल विकला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारे उत्पन्न मठाला दिले, घाण्यामागे तेलाचा वाटा दिला. गणिताचे अध्यापन बाजारातल्या करावर आणि घाण्याच्या तेलावर चालत होते. पाटण मराठी की कानडी एवढ्यासाठीच हा शिलालेख वाचणारा माणूस त्यातला सर्वांत मोलाचा मजकूर वगळून पुढे जातो.

त्यानंतरची वाटचाल आणखी बोलकी आहे. कोकणात नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये ‘लीलावती’वर, म्हणजे ‘सिद्धांतशिरोमणी’तल्या अंकगणिताच्या भागावर, टीका लिहिली आणि सूत्रांच्या उपपत्ती दिल्या. त्याच शतकात केरळात शंकर वारियरने आपल्या टीकेत तिथल्याच माधव या गणितीच्या परंपरेतल्या अनंत श्रेणी आणून बसवल्या. मूळ ग्रंथात त्यांचा मागमूस नाही. १५८७ मध्ये फैजीने अकबरासाठी तिचे फारसी रूप केले, १८१७ मध्ये कोलब्रुकने इंग्रजी. प्रत्येक ठिकाणी पुस्तक एकच, पण त्याच्याकडून घेतलेले काम वेगळे.

आता चोरीचा आरोप. आचार्यांच्या बीजगणितात एक उदाहरण आहे: अशी संख्या शोधा, जिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की पूर्ण वर्ग यावा. चक्रवाल या, फेऱ्या घेत उत्तराशी पोचणाऱ्या रीतीने उत्तर येते २२,६१,५३,९८०, आणि तो पूर्ण वर्ग असतो १,७६,६३,१९,०४९ चा. पाचशे वर्षांनी, १६५७ मध्ये, फ्रान्सच्या फर्माने आपल्या समकालीनांना कोडे घातले, तेही नेमके ६१ चे. बस, पोथी पॅरिसला पोचल्याचा आणखी काय पुरावा हवा? पण जरा थांबून शेजारच्या संख्या बघा. ६० साठी उत्तर नुसते ४ आहे, ६२ साठी ८. शंभराच्या आतल्या सगळ्या संख्यांत सर्वांत अगडबंब लघुत्तम उत्तर ६१ लाच लागते. ज्याला प्रतिस्पर्ध्याची जिरवायची आहे तो गणिती, मग तो सह्याद्रीत असो की तुलूझमध्ये, हातोहात ६१ च उचलणार. आचार्यांचे बीजगणित इंग्रजीत पोचले एकोणिसाव्या शतकात. सारखेपणा हा प्रवासाचा पुरावा होत नाही. संख्येच्या पोटातच ते कारण दडलेले असू शकते.

प्रवास झाला असेल तर खुणा राहतात. अंकांचेच पाहा. इ.स. ६६२ मध्ये सीरियातला सेवेरस सेबोख्त हिंदूंच्या नऊ चिन्हांची वाखाणणी करतो. आठव्या शतकात ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतले ज्योतिष बगदादला अरबीत उतरते, नवव्यात ख्वारिझ्मी हिंदू अंकांवर पुस्तक लिहितो, बाराव्यात ते लॅटिनमध्ये येते, १२०२ मध्ये पिसाचा फिबोनाची ते व्यापाऱ्यांच्या हिशेबाला लावतो आणि १२९९ मध्ये फ्लॉरेन्सचा सराफसंघ आपल्या सभासदांना हे अंक वहीत वापरायला बंदी घालतो. प्रत्येक मुक्कामाला माणूस आहे, ग्रंथ आहे, तारीख आहे. आणि बंदीही आहे, जी माझ्या मते सर्वांत भक्कम साक्ष. जी गोष्ट आलीच नाही तिच्यावर कोण बंदी घालील?

तरीही ‘कुणाचा’ हा प्रश्न अगदीच फोल आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. श्रेय बुडवले गेले आहे, आणि ते सहज नव्हे. केरळच्या अनंत श्रेणींबद्दल चार्ल्स व्हिश या कंपनी सरकारच्या नोकराने १८३० च्या दशकात लंडनच्या संस्थेच्या नियतकालिकात लेख छापला; त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे कुणी हूं की चूं केले नाही. आपल्या पूर्वजांना काही येत नव्हते हे ऐकत वाढलेल्या मुलाला हा इतिहास सांगणे आवश्यकच आहे. दुसरा मुद्दा याहून कठीण आहे, कारण तो पैशाचा आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याच्या उपायाचे पेटंट देण्यात आले. रायबाग-चिकोडीकडून सांगलीच्या पेठेत हळद घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला ‘विचार कुणाचाच नसतो’ असे तत्त्वज्ञान ऐकवले तर तो उलट विचारील, मग पेटंट त्यांचे कसे? बरोबर विचारील.

पण ते पेटंट पडले कशाने? सीएसआयआर या भारताच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने बत्तीस लिखित संदर्भ पुढे केले. त्यांत जुने ग्रंथ होते, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ मध्ये छापलेला लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. घराघरांत हळद लावतात हे सर्वांना ठाऊक होते, तरी पेटंट कार्यालयापुढे चालले ते छापील आणि तारीखवार लिहिलेले. म्हणजे हक्काची लढाईसुद्धा प्रवासाच्या नोंदी ठेवणाराच जिंकतो. ‘आमच्याकडे सगळे होतेच’ म्हणणारे बहुधा नेमक्या याच नोंदी करत नाहीत.

उलट, अभिमानापोटी खोट्या नोंदी शिरल्या की खऱ्याही पातळ होतात. देवीची लस आपल्या ग्रंथांत होती, धन्वंतरीने ती सांगितली, हा दावा अजून फिरतो. याच्या मुळाशी गेलेल्या इतिहासकारांना काय सापडले? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासकडच्या एलिस या इंग्रज अधिकाऱ्याने धन्वंतरी आणि देवी यांचा संवाद रचला होता, हेतू असा की लोकांनी लशीला भिऊ नये. आपण ज्याला आपला पुरावा समजतो त्यातला काही भाग कंपनी सरकारच्या लसप्रचाराचा निघतो! इंग्रजाने चोरले म्हणून ज्याच्यावर राग धरायचा, त्याच्याच हातची ही देणगी.

दुसऱ्या बाजूचाही जोरकस मुद्दा मान्य करायला हवा. प्रयोगशाळा, नियतकालिके, एकाचे काम दुसऱ्याने तपासून पाहण्याची रीत, हे सगळे इथे आले ते गुलामगिरीच्या काळात आणि राज्यकर्त्यांच्या सोयीने. ते आपल्या मठांतून आपोआप उगवले असते असे म्हणायला आधार नाही. पण म्हणून ‘तिकडून इकडे’ असा एकच बाण काढणे चूक. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोचे मैदान बेळगावात सर्वांना माहीत आहे. देवीची लस तिथे तयार होत असे. त्या लशीचा माग काढू. निरोगी माणसाला मुद्दाम देवी टोचण्याची चाल बंगालात होती, तुर्कस्तानात होती, आफ्रिकेत होती. १७२१ च्या साथीत बोस्टनला ती पोचली ती ओनेसिमस या आफ्रिकन गुलामाने आपल्या मालकाला सांगितली म्हणून. तिथे सुमारे २४० जणांना टोचले, त्यांतले ६ दगावले. नैसर्गिक रीतीने देवी आलेल्या सुमारे ५,९०० पैकी ८४४ गेले. त्याच साली लंडनला ती पोचली इस्तंबूलहून परतलेल्या मेरी माँटेग्यूमुळे. इंग्लंडच्या जेन्नर या डॉक्टरला लहानपणी हीच टोचणी झाली होती. पुढे गोठ्यात काम करणाऱ्या बायकांना देवी येत नाहीत या गवळ्यांच्या अनुभवाची त्याने १७९६ मध्ये परीक्षा घेतली आणि त्यातून लस निघाली.

आणि ती लस मुंबईला आली कशी? समुद्रमार्गे लांबच्या सफरीत, उन्हाने, ती मरून जाई. व्हिएन्नाच्या द कारो या डॉक्टरने लशीचा द्रव काचांच्या मध्ये मेणाने बंद करून बगदादला पाठवला. तिथून बसरा आणि बसऱ्याहून जहाजाने मुंबई, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर. टोचल्यानंतर साधारण आठव्या दिवशी फोड भरतो. तेव्हाच द्रव काढून पुढच्याला टोचायचा. एक दिवस उशीर, किंवा फोड फुटला, की साखळी तुटली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचले तेव्हा ती तुटलेली नव्हती एवढेच. या लशीत तुर्की बाया आहेत, आफ्रिकन गुलाम आहे, इंग्लंडचे गवळी आहेत, व्हिएन्नाची काच आहे आणि बसऱ्याच्या जहाजावरचे दंड आहेत. ‘पाश्चात्त्य’ म्हणून हिच्यावर शिक्का मारायचा तर कुठे मारायचा?

आलेली वस्तू घेणे हेही आयते होत नाही. गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून पुढे लोखंडी नांगर ओतला, तर लोखंडाने जमिनीला विष चढेल म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिला नांगर खपायला दोन वर्षे गेली. नांगराची कल्पना बाहेरची खरी, पण खडूस काळ्या रानात तो टिकवून दाखवण्याचे काम परदेशातून आलेले नव्हते.

खंड ओलांडण्यापेक्षाही मजेचे असते ते एका शास्त्रातून दुसऱ्यात शिरणे, आणि आपल्या भागाला शिकण्यासारखे सर्वांत जास्त तिथे आहे. १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर इंग्लंडच्या रॉथमस्टेड शेतीकेंद्रावर रुजू झाला. तिथली अडचण कुठल्याही शेतकऱ्याला कळेल अशी: एका वाफ्यात जास्त पीक आले ते खताने की मुळात ती जमीनच कसदार म्हणून? त्याने तीन गोष्टी सांगितल्या. प्रयोग अनेकदा करा. सारख्या जमिनीचे गट पाडा. आणि गटात कुठल्या वाफ्याला काय द्यायचे हे चिठ्ठी टाकून ठरवा, म्हणजे आपली आवड किंवा जमिनीचा उतार एकाच पर्यायाच्या पदरात पडणार नाही.

कोलकात्यात महालनोबिस मूळचे पदार्थविज्ञानाचे. माणसांच्या कवट्या-बांध्यांची मापे घेऊन दोन गट एकमेकांपासून किती दूर हे मोजायचे तर उंची आणि पायाची लांबी ही दोन मापे वेगवेगळी धरता येत नाहीत, कारण ती एकमेकांबरोबर वाढतात. दोन्ही जशीच्या तशी मोजली तर एकच फरक दोनदा मोजला जातो. तो दोष काढणारे ‘डी-वर्ग’ हे अंतर त्यांनी १९३६ मध्ये मांडले. त्यांच्या संस्थेतले सी. आर. राव १९४६ मध्ये हेच माप घेऊन केंब्रिजला गेले आणि सुदानमधल्या जेबेल मोयाच्या प्राचीन सांगाड्यांवर लावले. तिथे फिशर त्यांचे गुरू झाले. आता रावांचे गाव बघा: हुविनहडगली, आपल्याच राज्यात. घरची भाषा तेलुगू, शिक्षण आंध्रात, काम कोलकात्याला, गुरू इंग्रज, हाडे आफ्रिकन. भास्कराचार्यांच्या वादाची रीत इथे लावून दाखवावी कुणीतरी.

याच रावांनी १९४० च्या दशकात लंबकोनी रचना मांडल्या, म्हणजे अनेक घटक एकदम बदलूनही प्रत्येकाचा परिणाम वेगळा काढता येईल असे प्रयोगांचे तक्ते. १९५४-५५ मध्ये जपानचे गेनिची तागुची त्यांच्या संस्थेत पाहुणे होते. पुढे त्यांनी हे तक्ते जपानी कारखान्यांत रुळवले, १९८० च्या दशकात ते अमेरिकेत गेले, तिथून पाठ्यपुस्तकांत, आणि पाठ्यपुस्तकांतून बेळगावला मुख्यालय असलेल्या व्हीटीयू या तंत्रविद्यापीठाच्या अभ्यासक्रमात. आज इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना फौंड्रीतल्या प्रकल्पासाठी हमखास सुचणारी गोष्ट म्हणजे ‘तागुची पद्धतीने ग्रीन सँडचे ऑप्टिमायझेशन’, म्हणजे साच्याच्या ओल्या वाळूचे सर्वांत चांगले प्रमाण शोधणे. रॉथमस्टेडच्या गव्हापासून उद्यमबागेच्या वाळूपर्यंत विचार चार मुक्काम करून आला. वाटेत त्यातून चिठ्ठी गळाली.

कशी, ते नीट बघण्यासारखे आहे. साच्याच्या वाळूत चार गोष्टी बदलायच्या ठरवल्या: ओल ३, ३.५ आणि ४ टक्के. बेंटोनाइट, म्हणजे वाळू धरून ठेवणारी माती, ६, ७ आणि ८ टक्के. कोळशाची भुकटी तीन प्रमाणांत. मिक्सरमधला वेळ तीन प्रकारांनी. सगळ्या जोड्या करायच्या तर ८१ प्रयोग. एल-९ तक्ता तेच काम नऊ प्रयोगांत उरकतो, आणि चालू फौंड्रीत ८१ प्रयोग कुणीही करू देणार नाही हे खरेच. या काटकसरीमुळेच ही पद्धत जगभर पसरली. ओझे उतरवल्याशिवाय विचार लांबचा पल्ला गाठत नाही. पण एल-९ च्या पहिल्या रकान्यात पातळ्यांचा क्रम असतो १,१,१,२,२,२,३,३,३. बहुतेक प्रकल्पांत पहिल्या रकान्यात ओल असते आणि प्रयोग तक्त्यातल्या क्रमानेच होतात. सकाळी वाळू थंड असते. दुपारपर्यंत साच्यांतून परत आलेली वाळू नीट निवत नाही, पंचेचाळीस-पन्नास अंशांवर जाते, तिच्यातले पाणी उडते, साच्याचा पृष्ठ भुसभुशीत होतो आणि पॅटर्नला वाळू चिकटते. दुपारी आलेले जास्तीचे रिजेक्शन अहवालात ‘४ टक्के ओल’ या खात्यावर पडते. दोष वाळूच्या तापमानाचा, शिक्षा ओलीला! नऊ चिठ्ठ्या करून क्रम काढला असता तर हे टळले असते, आणि चिठ्ठी टाकायला पैसे लागत नाहीत.

दुसरी चूक याहून आत दडलेली आहे. नऊ प्रयोगांतून आठच स्वतंत्र तुलना निघतात. तीन पातळ्यांच्या चार घटकांना प्रत्येकी दोन याप्रमाणे आठही खर्ची पडतात. चूक किती हे मोजायला काही शिल्लक राहत नाही. त्यात पाणी किती लागेल हे बेंटोनाइट किती आहे यावर ठरते, हे कुठलाही जुना मोल्डर सांगेल. माती वाढली की पाणी वाढवावे लागते. म्हणजे या दोन घटकांचा एकत्रित परिणाम असणारच. एल-९ मध्ये पहिल्या दोन रकान्यांचा एकत्रित परिणाम नेमका तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यात जाऊन मिसळतो. ‘मिक्सिंगचा वेळ सर्वांत महत्त्वाचा’ असा निष्कर्ष आला, तर तो खरोखर मिक्सिंगचा की ओल आणि माती यांच्या जोडीचा, हे त्या तक्त्यावरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. उपाय आहेत. त्याच नऊ प्रयोगांत फक्त ओल आणि बेंटोनाइट बदला, बाकीचे रकाने मोकळे सोडा. नाहीतर २७ प्रयोगांचा तक्ता घ्या आणि दिवसाला एक गट करा. आणि निवडलेल्या पातळ्यांवर पुन्हा साचे भरून खातरजमा करा. ही खातरजमा तागुचींनी स्वतः आवश्यक मानली होती, तीही पुष्कळ अहवालांतून गळते.

चिठ्ठी सगळीकडेच गळाली असे नाही. वैद्यकात ती पोचली तशी टिकली. १९४७ मध्ये इंग्लंडात क्षयावर स्ट्रेप्टोमायसिनची परीक्षा झाली तेव्हा १०७ रुग्णांतल्या कुणाला औषध मिळणार हे बंद पाकिटांतून ठरले: ५५ ना औषध, ५२ ना नुसती विश्रांती. दहा वर्षांत तीच रीत मद्रासला आली आणि तिथे प्रश्न आपल्या गरजेचा विचारला गेला: क्षयाच्या रोग्याला सॅनिटोरियम लागते का? मिरजेसारख्या ठिकाणी महिनोन्‌महिने हवा, विश्रांती आणि खुराकासाठी ठेवलेल्या रोग्यांचा तो काळ. चिठ्ठीने अर्धे रोगी घरी आणि अर्धे सॅनिटोरियममध्ये, औषध दोघांना तेच, वर्षभर. १९५९ मध्ये निकाल छापला: कोंदट घरात, कमी खुराकावर राहिलेले रोगीही जवळजवळ तेवढेच बरे झाले. जगभरची सॅनिटोरियमे यानंतर ओसरत गेली. इंग्लंडच्या शेतातून निघालेली रीत मद्रासच्या चाळींतून युरोपला उलट शिकवून आली.

आणि ऊस? उगारपासून संकेश्वरापर्यंत उभ्या असलेल्या को ८६०३२ या वाणाचे पितर बघितले तर सीमावादी माणसाला घेरी येईल. कोइमतूरला १९१२ मध्ये केंद्र निघाले ते तिथे उसाला तुरा येतो आणि बी धरते म्हणून. १९१८ मध्ये तिथल्या बार्बर आणि वेंकटरमण यांनी गोड उसाचा रानटी उसाशी संकर करून को २०५ दिला. गोडवा एकाचा, काटकपणा दुसऱ्याचा. डच लोकांनी जावात त्याच वाटेने पीओजे २८७८ काढला. त्याचा को २९० शी संकर होऊन आला को ४१९, ज्याने दख्खनच्या कालव्यांखालचा ऊस एकेकाळी व्यापला. आणि ८६०३२ ची एक बाजू सीओसी ६७१. तिचा एक जनक ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडचा क्यू ६३. यावर कन्नड की मराठी हा प्रश्न बेण्याला विचारून बघावा.

वाण आले, पण वाण निवडण्याची फिशरची रीत शेतापर्यंत आली का? ‘अमक्याच्या रानात एकरी शंभर टन पडला’ हा पुरावा समजणे अजून चालूच आहे. अमक्याचे रान कालव्याच्या तोंडाशी, निचऱ्याचे; तमक्याचे शेपटाला, क्षारपड. फरक वाणाचा की पाण्याचा?

म्हणून मागणी पुतळ्यांच्या आणि जन्मस्थळाच्या फलकांच्या ऐवजी वेगळी करायला हवी. इथल्या कॉलेजांनी प्रकल्प अहवालात प्रयोग कुठल्या क्रमाने झाले, तो क्रम कसा ठरला, त्या वेळी वाळूचे तापमान किती होते, हे लिहिणे बंधनकारक करावे आणि कच्चे आकडे फौंड्रीत ठेवून यावेत. निष्कर्षापेक्षा तेच जास्त उपयोगी पडतात. निजलिंगप्पा साखर संस्था बेळगावात आहे, वसंतदादा शुगर मांजरीला. दूधगंगेच्या दोन्ही तीरांवर जमीन तीच, पाणी तेच, कारखाने एकमेकांच्या हद्दीतला ऊस ओढतात. दोन्ही संस्थांनी एकच आराखडा घेऊन दोन्ही काठांवर तीच चाचणी लावावी, आणि निकाल मराठी व कन्नड दोन्हींत एकाच दिवशी छापावा. पाच वाण, सारख्या जमिनीच्या चार गटांत एकेकदा, म्हणजे वीस वाफे. याहून कमी केले तर चूक किती याचा अंदाज बांधायला लागणाऱ्या बारा तुलना उरत नाहीत. वाफ्यात सहा सऱ्या, चार फुटांच्या; बांधाकडच्या दोन सऱ्यांना उजेड आणि पाणी जास्त मिळते, तेव्हा वजन मधल्या चारांचेच धरायचे. वाणांची जागा चिठ्ठीने. आणि लागणीचा उतारा जाहीर करून मोकळे व्हायचे नाही. इथला शेतकरी खोडव्यावर जगतो, तेव्हा दोन खोडव्यांची वजने त्याच तक्त्यात, त्याच वाफ्यांची, आली पाहिजेत.